उसनी चाल

आमच्या माहेरच्या माणसांना गाडी लागते. आता गाडी कुणालाही लागते म्हणा, पण आमची तऱ्हाच निराळी. माझ्या लग्नात वऱ्हाडाची बस घाट उतरून कराडात शिरली तेव्हा दोन चुलते, एक आत्या आणि तीन चुलतभाऊ खिडक्यांतून माना बाहेर काढून बसले होते, आणि सासरच्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ घेतला. दर दिवाळीला तो लावतात. मीही हसते, काय करणार!

आण्णा त्या बसमध्ये नव्हते. ते आदल्या दिवशीच चालत निघाले होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर. पाटणच्या वर आठ किलोमीटरवर डोंगरात वरंडी म्हणून आमचं गाव आहे, तिथं एकटे राहतात. अठ्ठावीस वर्षांचे असताना एकदा जीपमधून कराडला निघाले, तर वाटेत अकरा वेळा जीप थांबवावी लागली आणि शेवटी त्यांना दवाखान्यात नेऊन सलाईन लावलं. त्यानंतर त्यांनी चाकाच्या वाहनात पाय ठेवला नाही. बैलगाडीतसुद्धा नाही. बाजार, लग्नं, मयतं, सगळं पायी. माझ्याकडे पाटणला दर रविवारी येतात तेही पायी, आणि येताना पिशवीत काहीतरी आणतातच.

आणि हा वारसा माझ्या दोन्ही पोरांनी उचलला. मुग्धा सात वर्षांची, ओजस चार. नाक बापाचं, रंग बापाचा, हट्ट बापाचा, आणि पोट मात्र नेमकं माझं.

एप्रिलच्या शेवटी वृषालीताईचा जबलपूरहून फोन आला. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हृदयाची झडप खराब झालीय हे आम्हाला माहीत होतं. आता चौदा मे ही शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. घरात भाऊजी आणि अंथरुणाला खिळलेली त्यांची आई.

"हर्षे, महिनाभर येशील का गं?" ताई म्हणाली. "पोरांनाही घेऊन ये, सुट्टी आहे. आणि..."

"आणि काय?"

"आण्णांना विचारून बघ. एकदाच विचार. नाही म्हणतील, माहितीय मला. पण ऑपरेशनच्या आधी एकदा समोर बसलेले दिसले असते तर बरं वाटलं असतं बघ." लग्न होऊन सोळा वर्षं झाली होती, आणि आण्णांनी तिचं घर पाहिलेलं नव्हतं.

मे महिन्यात रेल्वेचं आरक्षण मिळणं म्हणजे विचारायलाच नको, शिवाय ताईच्या घरापासून दवाखाना तासाभराच्या अंतरावर. तिथं रोज ये-जा करायला गाडी हवीच. सुजय, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "गाडीनंच जाऊ. अकराशे किलोमीटर. दोन दिवस." त्याला काय जातंय म्हणायला! त्याच्या खानदानात कुणी जहाजात बसूनही भजी खाईल.

मी तयारीला लागले. लिंबं, आल्याच्या वड्या, आवळासुपारी, सात-सात कपड्यांचे जोड, जाड पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं. वर्तमानपत्र पोटावर दुमडून बांधलं की उलटी होत नाही, असं आमच्या आत्याचं मत. गाडीच्या मागे जमिनीला टेकेल अशी लोखंडी साखळी लोंबती सोडायची, असं चुलत्यांचं मत. मी विज्ञानाची शिक्षिका, तरी साखळीसुद्धा लावली. मग रविवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून पोरांना घेऊन निघालो. चार किलोमीटरवर पूल आहे. पुलावर ओजस ओकला. त्याचं बघून मुग्धा ओकली. त्या दोघांचं बघून मी.

अकराशे भागिले चार, पावणेतीनशे. मी मनातल्या मनात गणित केलं आणि रडायचीच बाकी राहिले.

"टिकली का लावत नाहीस पोरांना?" शेजारच्या कदमकाकू म्हणाल्या. "सगळं जग लावतंय!"

टिकली म्हणजे कानामागं चिकटवायची ती बारीक चकती. कंपनीनं तिला काहीतरी लांबलचक नाव दिलंय, पण आमच्याकडं तिला सगळे टिकलीच म्हणतात. तीन-चार वर्षांत गावोगाव पोचली होती. मी मात्र पोरांच्या डोक्याला वीज लावायला तयार नव्हते. आता नाइलाजानं कराडला गेले. कराडपर्यंत कशी गेले ते सांगत नाही.

तिथल्या श्रवणतज्ज्ञ रुखसाना मुजावर. चाळिशीच्या, बोलायला खणखणीत. त्यांनी मला जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. नववी-दहावीला शिकवायची सवय, समजावल्याशिवाय मला राहवत नाही.

कानाच्या आत हाडामध्ये तीन वळणदार नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोकं वळलं की द्रव क्षणभर मागं राहतो, नळीतल्या बारीक पेशी वाकतात, आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. आता गाडीत बसलेलं पोर घ्या. त्याचे डोळे पुढच्या सीटच्या पाठीकडं. डोळे सांगतात, आपण गप बसलोय. कान सांगतात, आपण वळतोय, उसळतोय, घसरतोय. दोन साक्षीदार, दोन जबान्या. मेंदू बिचारा फार जुना, त्याला गाडी हा प्रकारच ठाऊक नाही. असा घोळ पोटात विष गेल्यावर होतो एवढंच त्याला ठाऊक, म्हणून तो पोट रिकामं करायला लावतो, असं मानतात. म्हणजे माझा ओजस पुलावर ओकला तेव्हा त्याचा मेंदू त्याचा जीव वाचवत होता. मला हे ऐकून त्या मेंदूचं एकदम कौतुकच वाटलं.

"पण बघा," मुजावर मॅडम म्हणाल्या, "चालताना डोकं कितीतरी हलतं. तरी चालताना कुणाला उलटी होते का? नाही. कारण चालायचा हुकूम मेंदूनंच दिलेला असतो. आपल्याच चालण्याला तो घाबरत नाही. टिकली एवढंच करते. कानामागून तोलाच्या नसेला अगदी बारीक वीज देते आणि गाडीचे हिसके चालण्याच्या लयीत बसवते. मेंदू म्हणतो, अरे, आपणच चाललोय! आणि निवांत होतो."

"कुणाचं चालणं?"

"तीच तर मेख आहे." त्या हसल्या. "प्रत्येकाची चाल वेगळी. परक्याची चाल मेंदू घेत नाही. मोठ्या माणसांना आम्ही त्यांचीच चाल नोंदवून देतो. पण लहान मुलं कुठं चालतात? ती उड्या मारतात, लोळतात. त्यांची चाल दहाव्या वर्षापर्यंत बसत नाही. त्यांना रक्ताच्या माणसाची चाल उसनी घ्यावी लागते, आणि ज्या बाजूनं गाडी लागण्याचा वारसा आला त्याच बाजूची."

"मग माझी घ्या."

त्यांनी माझ्या फोनमधली पावलं बघितली. रोजची आठशे. "मॅडम, यात चाल कुठाय? तीन दिवसांत चाळीस हजार पावलं लागतात. चढ, उतार, ओबडधोबड जमीन. आहे का कुणी असं घरात?"

मी खुर्चीतच हसले.

---

"माझी चाल?" आण्णा म्हणाले. "चाल काय उसनी देतात व्हय?"

"देतात आता. पोरांना लागणार आहे, जबलपूरला जायला." मी त्यांच्या पोटावर एक पट्टी चिकटवली, कानामागं नोंद घेणारी चकती लावली. पोटाची पट्टी जठराची हालचाल मोजते. चालीचा माणूस निरोगी आहे ना, हे बघायला. "तीन दिवस काढायची नाही. आंघोळीला चालते."

"पावलं मोजतंय व्हय हे?"

"तसंच काहीसं." मला वेळ नव्हता, मी समजावत बसले नाही. विज्ञान शिकवणारी बाई, आणि स्वतःच्या बापाला अर्धवट सांगितलं.

मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "आण्णा, ताई म्हणत होती तुम्ही याल का. तुमच्यासाठीही टिकली बनवता येईल."

ते बोटं मोडत बसले. "बघू," म्हणाले. आण्णांचं 'बघू' म्हणजे नाही. पण यावेळी त्यांनी नजर दुसरीकडं वळवली नव्हती. ताईचं नाव काढल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आठ वर्षांपूर्वी एकदा बघितलं होतं.

आठ वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. सकाळी अकराला वरंडीत रुग्णवाहिका आली. आण्णा तिच्या दारापर्यंत गेले, एक पाय वर ठेवला, आणि खाली घेतला. "माझ्यापायी गाडी थांबंल," म्हणाले, "तुमी व्हा फुडं, मी आलोच." आणि चालत निघाले. कराड सेहेचाळीस किलोमीटर. ते पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. आई सहाला गेली. तोवर मला दर थोड्या वेळानं विचारत होती, "आलं का गं ते?"

आम्ही त्यांना कधी बोल लावला नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही.

---

चौथ्या दिवशी पोरांच्या टिकल्या तयार झाल्या. कराडच्या दवाखान्याबाहेरच लावल्या, आणि येताना पोरं मागच्या सीटवर गप. दर वेळी डोळे मिटून पडून राहणारा ओजस ताठ बसून खिडकीला नाक लावून बघत होता. आणि एकदम ओरडला, "आई! खाली नदी आहे!"

चार वर्षांचा झाला तरी त्यानं कोयना नदी गाडीतून कधी बघितलीच नव्हती. मला काय वाटलं ते शब्दांत सांगता यायचं नाही. मी तोंडावर हात धरून बसले.

"मी चालतेय, आई," मुग्धा म्हणाली. "बसलेय, पण चालतेय. आधी कानामागं मुंग्या येतात, मग चालायला लागतो आपण. आई, आजोबांचा डावा गुडघा दुखतो का गं?"

"नाही गं. का?"

"दुखतो. त्यांनी सांगितलं नसेल तुला."

चालीबरोबर माणूसही येतो असं लोक म्हणतात, ते खोटं नव्हतं तर. शाळेच्या फाटकापाशी आया एकमेकींना विचारतात, तुमच्याकडं कुणाची चाल? बारशाला आता पाळण्यात आजोबांची चाल ठेवतात म्हणे. आमच्या गल्लीतल्या एक बाई नवऱ्याची नोंदवलेली चाल जपून आहेत. ते गेले, तरी त्या रोज संध्याकाळी अर्धा तास गच्चीत खुर्ची टाकून त्या चालीत बसतात. परक्याची चाल मेंदू घेत नाही, पण पन्नास वर्षं शेजारी चाललेल्या माणसाला तो परका मानत नाही बहुतेक. मी त्यांची थट्टा करायचे. त्या दिवसापासून बंद केली.

दुसऱ्याच दिवशी मुजावर मॅडमचा फोन आला. "तुम्ही एकट्याच या. काळजीचं नाही. पण तुम्ही बघायला हवं असं काहीतरी आहे."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या कानामागं टिकली लावली. "मुलांना आम्ही फक्त लय देतो. ही पूर्ण नोंद आहे. डोळे मिटा. घाबरू नका."

मुंग्या आल्या. आणि मी चालू लागले.

पाय फरशीवर होते, हात खुर्चीच्या दांड्यांवर. आणि मी चालत होते. डाव्या पायावर वजन कमी पडत होतं. मुग्धा म्हणाली ते खरं होतं. उतार लागला तशा टाचा रोवल्या गेल्या. काही पावलांनी मी वाकले, सरळ झाले, आणि अंग उजवीकडं झटकलं गेलं. पुन्हा काही पावलं, पुन्हा तसंच. हे काय चाललंय मला कळेना, आणि मग लख्ख कळलं. आण्णा रस्त्यातले दगड उचलून कडेला टाकत होते. हे ते करतात, मला माहीत नव्हतं! चाळीस वर्षांची मी त्यांची मुलगी, मी त्यांना चालताना हजारदा बघितलं, पण चालणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं. इतकं दुखतं, आणि चेहऱ्यावर कधी दिसलं नाही. मी डोळे मिटून रडत होते आणि चालत होते.

"आता लक्ष द्या," मॅडमचा आवाज आला.

मी थांबले. उजवा पाय उचलला, आणि सबंध शरीर एक हातभर वर गेलं. एक पायरी. दुसरी. खालून बारीक थरथर सुरू झाली, सतत. मी उभी होते आणि जमीन थरथरत होती. मग हिसका बसला आणि सगळं पुढं सरकलं. वेग. डावीकडं वळण, अंग उजवीकडं झुकलं. थोड्या वेळानं आणखी एक हिसका. थांबलं. दोन पायऱ्या खाली. आणि पुन्हा पावलं, आता चढणीची.

मी डोळे उघडले. "बस," मी म्हणाले. "आण्णा एस.टी.त चढले."

"तिन्ही दिवस. सकाळी पावणेनऊला. दीड किलोमीटर जातात, उतरतात, चालत परत येतात." त्यांनी पडद्यावर एक आलेख आणला. "ही पोटाची पट्टी. जठराला स्वतःची लय असते, मिनिटाला साधारण तीन लाटा. मळमळायला लागलं की ती बिघडते, लाटा वेड्यावाकड्या होतात. आता बसमधलं बघा." लाटा संथ होत्या. तीन, तीन, तीन. "हे तुमच्या वडिलांचं पोट. त्यांना गाडी लागत नाही, मॅडम."

"पण त्यांना तर..."

"लागायची. कानातल्या त्या पेशी वयाबरोबर झडतात. म्हातारपणी तोल जातो तो त्यामुळंच, पण गाडी लागणंही बहुतेकांचं त्यामुळंच ओसरतं. पेशींची ही अवस्था बघता साठीच्या आसपासच थांबलं असेल. त्यांनी बसूनच बघितलं नाही, तर कळणार कसं?"

साठीच्या आसपास. आई गेली तेव्हा आण्णा चौसष्ट वर्षांचे होते.

मॅडम काहीतरी आनंदानं बोलत होत्या, टिकलीची गरजच नाही, खुशाल न्या त्यांना. माझं तिकडं लक्ष नव्हतं. निसर्गानं एका माणसाच्या कानातलं दुखणं गुपचूप काढून घेतलं, त्याला न सांगता, आणि त्या माणसाला ते कळलं नाही म्हणून तो सेहेचाळीस किलोमीटर चालला. हे त्यांना कोण सांगणार होतं? मी?

"मॅडम," मी म्हणाले, "मला एक रिकामी टिकली द्या. बंद पडलेली. काहीही."

कशाला, ते त्यांनी विचारलं. मी आईचं सांगितलं. त्यांनी खण उघडला, एक टिकली काढून माझ्या हातावर ठेवली. "ही मी दिलेली नाही," एवढंच म्हणाल्या.

सुजय मात्र भडकला. "म्हाताऱ्या माणसाला फसवून न्यायचं?"

"मग खरं सांगून इथंच मोडून टाकू का त्यांना? तू सांग. जा, सांग त्यांना, की तुम्ही त्या गाडीत बसू शकला असता!"

त्यानं माझ्या हातातली टिकली घेऊन बघितली. मग म्हणाला, "पण ते रोज बसमध्ये चढतात कशाला गं?"

"सराव करत असतील. हिंमत गोळा करत असतील." मला तसंच वाटत होतं, शपथ.

---

दहा तारखेला पहाटे निघायचं, म्हणून आदल्या दिवशीच आम्ही वरंडीला मुक्कामाला गेलो. मी आण्णांना सांगितलं, तुमची टिकली तयार आहे. त्यांनी ती तळहातावर घेऊन उलटीसुलटी करून बघितली. "बरं," म्हणाले. मला वाटलं जिंकले मी.

सकाळी सहाला गाडी भरून उभी होती. डिकीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळपोळ्या, पोरांची खेळणी, पाण्याचे कॅन, आणि हो, पिशव्या होत्याच. आमच्या घरात पिशव्यांशिवाय कुणी निघत नाही. पोरं मागं आपापल्या खुर्च्यांत पट्टे लावून बसली. मीही मागंच, दोघांच्या मध्ये, तोंडात आवळासुपारी आणि मांडीवर पिशवी. आण्णा धुतलेलं धोतर नेसून आले, पुढच्या सीटवर टेकले. एक पाय आत, एक बाहेर. मी उतरून त्यांच्या कानामागं टिकली लावली.

"आजोबा, आता मुंग्या येतील बघा!" ओजस ओरडला.

आण्णा वाट बघत बसले. समोर बघत. बराच वेळ.

"मुंग्या न्हाईत, हर्षे."

"तुमची कातडी जाड झालीय, आण्णा. जाणवत नसेल."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी शिक्षिका आहे, चाळीस पोरांसमोर न अडखळता बोलते. बापासमोर मी खाली बघितलं.

"रिकामी हाय न्हवं ही?" त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "म्हंजी त्या पट्टीत यष्टी मोटार पण दिसती, व्हय? मला वाटलं, नुसती पावलं मोजतंय. उभ्या मानसाची काय मोजणार!"

"आण्णा..."

"मला गाडी लागत न्हाई. ठावं हाय मला."

सुजयनं इंजिन बंद केलं.

"कधीपासून ठाऊक आहे?"

"तुझी आई गेली, त्याच्या दुसऱ्या म्हैन्यात." आण्णा गुडघा चोळत होते. "म्हटलं, ज्येला आपून एवढं भ्यालो ते बघावं तरी. चढलो मोटारीत. काय बी झालं न्हाई. म्हटलं, आज न्हाई, तर उद्या हुईल. दुसऱ्या दिशी चढलो. आठ वर्सं रोज चढतूय. देवाला म्हनतो, आज तरी मळमळू दे. एकदाच भडभडून येऊ दे. म्हंजी मला म्हनता येईल, त्या दिशी खरंच जमलं नसतं. वळणापातूर वाट बघतो. येत न्हाई. मग उतरतो."

मी रस्त्यातच त्यांच्या पायाशी बसले आणि हमसून हमसून रडले. मी त्यांच्या अंगात शिरून चालून आले होते, तरी हे मला कळलं नव्हतं. कुठल्याच पट्टीत हे उमटलं नव्हतं.

"तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, आण्णा," मी म्हणाले. "तुम्ही आईसाठीच उतरलात."

"व्हय. तवा ठावं नव्हतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आता हाय." मग त्यांनी बाहेरचा पाय उचलून आत घेतला, स्वतःच दार ओढलं आणि पट्ट्याचं कुलूप कुठं लागतं ते शोधू लागले. "जा, बस मागं. सुजयराव, घ्या गाडी."

गाडी निघाली. मागच्या सीटवर माझी दोन पोरं आण्णांच्या चालीनं चालू लागली, आणि पुढं आण्णा नुसते बसले होते. मी त्यांच्या मानेकडं बघत होते. वळण आलं. त्यांचा हात दाराच्या मुठीवर गेला. सुजयनं वेग कमी केला. "थांबू का, आण्णा?"

गाडी हळूहळू वळणावरून गेली, आणि हात मुठीवरून खाली मांडीवर आला.

वळणापलीकडं सगळी दरी उघडी होते. तिच्यावर नुकतं ऊन आलं होतं. हा रस्ता आण्णांनी जन्मभर तुडवला होता, पण नेहमी पायाखालचे दगड बघत. आता त्यांना खाली बघायचं काही कारण नव्हतं. ते तोंड थोडं उघडं ठेवून बघत होते, डोंगर मागं सरकताना, झाडं मागं जाताना, अगदी ओजसनं नदी बघितली होती तसे. मला तेव्हा वाटलं, माणसाच्या मेंदूएवढी अजब वस्तू जगात दुसरी नसेल. बहात्तराव्या वर्षीसुद्धा तो असा उघडतो.

गाडीचा फोन वाजला. वृषालीताई.

"निघालात का गं?" तिचा आवाज गाडीभर झाला. दम लागत होता तिला. "पोरं बरी आहेत ना? आणि आण्णा काय म्हणाले?"

मी बोलायला तोंड उघडलं, तर आण्णांनी हात वर केला. आवाज कुठून येतो ते त्यांना कळेना. मग ते समोरच्या पडद्याकडं वाकले, पूर्वी लोक पोस्टातल्या ट्रंककॉलवर बोलत तसे मोठ्यानं.

"वृषे, मी गाडीतनं बोलतूय."

मला वाटलं, घाटात रेंज गेली. मग ताईचा श्वास ऐकू आला, एक, दोन, आणि मग रडणं, आणि रडता रडताच ती म्हणाली, "आण्णा, खिडकी उघडी ठेवा हं."

"व्हय बाई," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी काच पूर्ण खाली केली.